टिंबांचा उन्हाळा

परवा कूलरवरचं प्लास्टिक काढलं आणि आतून तो वास आला. वर्षभर कोंडलेल्या खसच्या गवताचा, टाकीच्या तळाशी वाळून पापुद्रे सुटलेल्या शेवाळाचा आणि कुठल्यातरी कोपऱ्यात मरून सुकलेल्या पालीचा. पाल मी चिमट्याने उचलून फेकली. वासाला चिमटा लागत नाही. इतवारी बाजारातून नवी खस आणून बसवली तरी पहिला आठवडाभर तो घरात फिरत राहतो, उशीच्या अभ्र्यात बसतो, माठातल्या पाण्यालासुद्धा लागतो. नागपूर सोडून गेलेली माणसं ह्या वासावर फार हळवं होऊन लिहितात. त्यांनी एकदा मे महिन्यात यावं आणि माझ्याकडची टाकी घासावी.

मला तो वास आला की ओकारी येते. तीन वर्षं झाली, दर एप्रिलला येते, आणि त्यात पालीचा वाटा फार थोडा आहे.

त्या वर्षीही कूलर असाच सुरू केला होता. नंदनवन वस्तीतलं आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, वर थेट स्लॅब. अकरानंतर भिंतीला हात लावला तर चटका बसायचा. हॉलच्या कोपऱ्यात, बुद्धमूर्तीच्या फळीखाली, मी स्वतः सुटे भाग आणून जुळवलेला कॉम्प्युटर होता. मी पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो, त्यामुळे तयार मशीन घेणं मला कमीपणाचं वाटतं. त्या कॉम्प्युटरचा पंखा उन्हाळ्यात असा घोंघावायचा की बोलताना आवाज चढवावा लागे. झाकण उघडलं तर आत धूळ, केस आणि कूलरच्या दमट हवेने त्या दोन्हींचा झालेला एक करडा चिखल. बोटाने काढला तर बोटालाच चिकटून राहायचा.

तो कॉम्प्युटर त्या काळात माझ्यापेक्षा माझे वडीलच जास्त वापरत. बाबा सावनेरजवळच्या कोळसा खाणीत लॅम्प रूममध्ये होते, पस्तीस वर्षं. खाणीत उतरणाऱ्या प्रत्येक माणसाला टोपीवर लावायचा दिवा एका खिडकीतून मिळतो. दिव्यावर नंबर, आणि तो नंबर त्या एकाच माणसाचा. पाळी संपली की दिवा परत खिडकीत यायचा. सगळे दिवे खुंटीवर लागले म्हणजे सगळी माणसं वर आली. एखादी खुंटी रिकामी राहिली तर ते आधी बाबांना कळायचं, मग साहेबाला, आणि घरच्यांना सगळ्यात शेवटी. आई गेल्यावर बाबा आमच्याकडे नागपूरला आले, ते डोक्यात ह्या खुंट्या घेऊनच.

त्या वर्षी मार्चमध्ये डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की विसरणं आता वाढत जाईल. जुनं अजून पक्कं आहे, पण तेही टिकेल ह्याची खात्री नाही. मी बाबांना हे जसंच्या तसं सांगितलं नाही. पण दोनच दिवसांनी ते आपणहून म्हणाले की मला कॉम्प्युटरवर मराठी लिहायला शिकव. दिवा नंबर, त्या नंबरच्या माणसाचं नाव, गाव आणि त्याच्याविषयी दोन-चार ओळी, असं त्यांना सगळं लिहून काढायचं होतं. वही का नाही, तर हात थरथरायचा, स्वतःचंच अक्षर त्यांना लागत नसे. किल्ली दाबली की अक्षर मात्र सरळ उमटायचं. ते त्यांना फार आवडलं.

पहाटे उठून, वंदना झाली की ते बसायचे. साडेपाच ते आठ. तेवढाच नागपुरात माणसाचा वेळ असतो, पुढचा उन्हाचा. एका बोटाने एक अक्षर शोधायचे, दाबायचे, मान वर करून पडद्यावर बघायचे. मग थांबायचे. बराच वेळ थांबायचे. डोळे मिटलेले, ओठ हलताहेत, खाली खुर्चीच्या पायाशी चहा गार होतोय. नाव सापडलं की पुन्हा बोट खाली. दिवसाला दोन माणसं झाली तर खूष असत. 'आज दोन दिवे परत आले' असं सुषमाला, माझ्या बायकोला, सांगायचे.

ह्या दृश्यात मी हात घातला.

पंख्याच्या आवाजाने बाबांना आठवायला त्रास होतो असं मी ठरवलं. त्यांनी तक्रार केली नव्हती. मला कारण हवं होतं. कुठल्यातरी थंड देशातला एक पोरगेला इसम व्हिडिओत सांगत होता की प्रोसेसरला जाणारं व्होल्टेज थोडं उतरवलं की तो गार राहतो आणि कामात काही फरक पडत नाही. मी एका रविवारी बसलो, मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन व्होल्टेज उतरवलं. तापमान झर्रकन बारा अंशांनी खाली आलं. पंखा गप्प झाला. मी पुन्हा थोडं उतरवलं. मग दुपारी दोन वाजता, बाहेर डांबर पातळ होत असताना, मशीनला तीन तास अंग मोडून कामाला लावणारी चाचणी चालवली. पास. घरात मी अशी शेखी मिरवली की सुषमा उठून आत गेली.

त्याच रविवारी मी कॉम्प्युटरचं टेबल सरकवून कूलरच्या झोतात आणलं, नवा स्टॅबिलायझर लावला आणि मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअरही बदललं. माझ्या लॅबच्या भिंतीवर माझ्याच अक्षरात पाटी आहे की एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. दर वर्षी मी मुलांना ह्या पाटीवरून झोडपतो. घरी मी चार गोष्टी एका दिवसात बदलल्या, वही उघडलीच नाही, आणि चौथ्या दिवसापर्यंत व्होल्टेजचं नावही माझ्या डोक्यातून गेलं होतं.

चौथ्या दिवशी सकाळी पडदा गोठला. माउसचा बाण जागच्या जागी, घड्याळ सहा वाजून बारा मिनिटांवर अडकलेलं. बटण दाबून बंद करायचं, पुन्हा चालू करायचं, आणि बाबांनी तासभर लिहिलेला दिवा गेलेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग रोजच.

त्यानंतरचे तीन आठवडे आठवले की मला माझ्या हातांचीच किळस येते. मी मेमरीच्या पट्ट्या काढून खोडरबराने घासल्या. विंडोज पुसून नव्याने टाकली. कूलरची मोटर वीज खेचते म्हणून तिला वेगळं कनेक्शन दिलं. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा ओतला, घामाने निथळत, बनियन पाठीला चिकटलेलं. आणि प्रत्येक वेळी एकच निदान, ऊन. आमच्याकडे मे महिन्यात कशाचंही खापर उन्हावर फुटतं. दूध नासलं, ऊन. माणूस चिडला, ऊन. कॉम्प्युटर गोठतो तो पहाटे, घरातल्या सगळ्यात गार वेळी, आणि भर दुपारी चाचणीत तीन तास घोड्यासारखा धावतो, ही साधी गोष्ट एखाद्या थंड गावच्या माणसालाही दिसली असती. मी नागपूरचा असल्यामुळे मला दिसली नाही. मी पुनःपुन्हा दुपारीच चाचणी घेत होतो आणि पुनःपुन्हा ती पास होत होती.

मशीन पास होतं म्हटल्यावर नापास कोण, हे उघड होतं.

बाबांनी मला सांगितलं होतं. एका सकाळी मी पट्ट्या घासत असताना ते शेजारी उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "मी थांबलो का हे थांबते. लिहीत राहिलो तं काही नाही होत. मी पाहून राहिलो ना रोज."

मी हसलो. हसलो हे मला नीट आठवतं, कारण हसताना खोडरबराचे कण उडाले होते. बाबा, हे यंत्र आहे, तुम्ही काय करता हे त्याला कळत नाही, असं मी त्यांना समजावलं, वर्गात समजावतो त्याच सुरात. पस्तीस वर्षं खुंट्यांकडे पाहून कोण वर आलं आणि कोण नाही हे ओळखणाऱ्या माणसाला मी निरीक्षण शिकवत होतो. सुषमा म्हणाली होती की ती पडद्यावर नुसतं वाचत बसते तेव्हाही बंद पडतं. तिलाही मी काहीतरी उत्तर दिलं. माझ्याकडे उत्तरांचा कधी तुटवडा नव्हता.

काही दिवसांनी मी बाबांची फाइल उघडली. मजकुरात जागोजागी टिंबांच्या ओळी होत्या. दिवा नंबर एकशे चार, मग दीड ओळ टिंबं, मग नाव. गाव, मग तीन ओळी टिंबं, मग 'पाटणसावंगीकडला'. कुठे अर्धं पान टिंबं. मला वाटलं, सापडलं. ह्यांचं बोट किल्लीवर टेकून राहतं, त्यांना कळत नाही, आणि मशीन अडकतं. मला इतका आनंद झाला की मी ते लगेच कोणाला तरी दाखवायला उतावीळ झालो.

ती संधी बुद्धपौर्णिमेला आली. खिरीला चार माणसं यायची होती. त्यात सावनेरहून डोमाजीकाका आले, बाबांच्या बरोबरीचे, खाणीत दिवा नंबर एकशे सतरा. बाबा सकाळपासून पांढरा सदरा घालून बसले होते. त्यांना काकांना ते लिहिलेलं दाखवायचं होतं, आणि काही नावं विचारायचीही होती. दोघे म्हातारे पडद्यापुढे खुर्च्या लावून बसले. काका चष्मा पुसून वाचू लागले. बाबा काही दाबत नव्हते. दोघंही गप्प बसून, हात मांडीवर ठेवून, आपली गेलेली माणसं वाचत होते.

पडदा गोठला.

खिरीची वाटी हातात घेऊन मी पुढे झालो. सगळे बसले होते. मी म्हणालो, "बाबा, किती वेळा सांगायचं? बोट टेकून राहतं तुमचं. हात हलतो तुमचा, म्हणून होतं हे. ती टिंबं पाहिली का तुम्ही?"

बाबांनी आपल्या मांडीवरच्या हातांकडे पाहिलं. मग डोमाजीकाकांकडे पाहिलं. काका खिरीत चमचा फिरवत राहिले. बाबा म्हणाले, "होय गा. होत असन."

एवढंच. त्यांचे हात त्या वेळी कीबोर्डपासून हातभर लांब होते, हे खोलीतल्या प्रत्येकाला दिसलं होतं. काका निघताना मला म्हणाले, "लहान पोरावानी नको बोलत जाऊ त्याले." मी होहो केलं. ती खीर फार गोड झाली होती, वर साय धरली होती, आणि आजही वेलचीचा वास आला की मला ते चमचा फिरवणं आठवून घशाशी येतं.

दुसऱ्या दिवसापासून बाबा कॉम्प्युटरवर बसले नाहीत. रुसले नाहीत. उन्हाळा सरू दे, मग पाहू, म्हणाले. पहाटे उठायचे, वंदना करायचे आणि गॅलरीत जाऊन खाली रस्त्याकडे बघत बसायचे. मी सुटकेचा श्वास सोडला. हे लिहायलाही शरम वाटते, पण सोडला. मशीन आता क्वचितच चालू असायचं, त्यामुळे क्वचितच गोठायचं, आणि त्यामुळे माझं निदान बरोबर ठरलं होतं.

जून उलटला. एके दिवशी कॉम्प्युटर चालू केला तर तारीख कितीतरी वर्षं मागची. बोर्डावरची बटणाएवढी बॅटरी गेली होती. मी नवी बसवली. ती बदलली की सगळी सेटिंग्ज मूळपदावर जातात. पंखा पुन्हा घोंघावू लागला. सुषमा स्वयंपाकघरातून म्हणाली, "आला का परत तो आवाज? तुम्ही तं काहीतरी करून बंद केला होता ना?"

मी काहीतरी केलं होतं.

त्या क्षणी तो रविवार आणि ते व्होल्टेज आठवलं. मी व्होल्टेज पुन्हा तसंच उतरवलं, या वेळी फक्त तेवढंच. बाकी कशाला हात लावला नाही. वहीत लिहिलं. मग खुर्चीत बसलो आणि काहीही केलं नाही. हात मांडीवर. बाबा बसायचे तसा. पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ बघत राहिलो. नुसतं बसून राहणं किती जड असतं हे त्या दिवशी कळलं. दर मिनिटाला बोटं किल्ल्यांकडे जायची. एकोणिसाव्या मिनिटाला बाण गोठला.

गोष्ट सोपी होती, दुसऱ्या वर्षाच्या पोराला सांगता येईल इतकी. प्रोसेसर राबत असतो तेव्हा त्याला भरपूर वीज मिळते, थोडी काढून घेतली तरी चालतं. तो विसावला की आपणहून अगदी थोडक्यावर येतो. मी सरसकट सगळीकडून सारखीच कापली होती. भरल्या ताटातली अर्धी पोळी उचलली तर कोणी उपाशी राहत नाही. ज्याच्या ताटात अर्धीच होती, त्याचीही मी उचलली होती. म्हणून ते राबताना धावायचं आणि विसाव्याला मरायचं. आणि त्या घरात विसावून बसणारा, थांबून आठवणारा, एकच माणूस होता.

मी गॅलरीत गेलो. बाबांना सांगितलं की चूक माझी होती, तुमच्या हातांची नव्हती, कधीच नव्हती. ते पावसाकडे बघत होते. मी टिंबांचं विचारलं.

"थे मुद्दाम देत होतो ना मी," ते म्हणाले. "थांबलो का बंद पडते. मंग नाव आठवेपर्यंत टिंबं देत राहायचे. त्याले वाटते लिहून राहिला म्हातारा. कमी बंद पडे मंग."

म्हणजे त्यांनी रोग ओळखला होता आणि औषधही शोधलं होतं, एका किल्लीचं. त्याने सगळं टळत नसे, पण बरंच टळत असे. आणि मी चार माणसांत ते औषध त्यांच्या तोंडावर फेकलं होतं, रोग म्हणून.

मी म्हणालो, तेव्हाच सांगायचं ना. ते म्हणाले, "तू शिकवतं हे सारं. मले वाटलं तुले मालूम असन."

मी त्यांना हाताला धरून आणून खुर्चीत बसवलं. व्होल्टेज पूर्वीसारखं करून ठेवलं होतं. बाबा, आता कितीही वेळ थांबा, काही होत नाही, म्हणालो. त्यांनी लिहिलं, दिवा नंबर एकशे एकोणीस. मग बोट टिंबाच्या किल्लीवर ठेवलं आणि दाबून धरलं. मी पुन्हा सांगितलं, आता गरज नाही. त्यांनी मान हलवली, पण बोट काढलं नाही. टिंबं ओळीमागून ओळ धावत राहिली, पान भरलं, दुसरं सुरू झालं. मी मागे उभा होतो. बोट उचललं तेव्हा त्यांनी खाली काहीच लिहिलं नाही. आता नाही येत ते, एवढंच म्हणाले. डॉक्टरांनी सांगितलेलं त्या दोन महिन्यांत येऊन गेलं होतं. मी त्यांना गॅलरीत बसवलं होतं तेव्हा.

डोमाजीकाकांना फोन लावावा, निदान तेवढी नावं मिळतील, असं मी रोज म्हणत राहिलो. तोंड दाखवायची लाज होती. पोळ्याच्या सुमारास सावनेरहून फोन आला, तो त्यांच्या मुलाचा होता. मी सावनेरला गेलो, काकांच्या तिरडीला खांदा दिला, आणि परतीच्या बसमध्ये खिडकीतून बाहेर ओकलो. शेजारचा माणूस म्हणाला, ऊन लागलं असन. बाहेर पाऊस पडत होता.

आता ह्या वर्षीचा कूलर सुरू झाला आहे. वास आहे. बाबा आहेत. कूलरच्या झोतापासून जरा बाजूला त्यांची खुर्ची असते. मला बहुतेक वेळा ओळखतात, कधी कधी मी खाणीतला कोणी साहेब असतो, मग ते उठून उभे राहतात आणि मला त्यांना बसवावं लागतं. फाइल मी कुठेही साफ केलेली नाही. मित्र म्हणतात की टिंबं काढून टाक, चांगली छापून घे, चोपन्न माणसं आहेत त्यात. मला ते जमत नाही. कुठे किती वेळ लागला हे त्या टिंबांवरून मोजता येतं, आणि ते मोजायला घरात मी एकटाच उरलो आहे.

काल सकाळी, आठच्या आत, मी त्यांना पडद्यापुढे बसवलं. हल्ली कधी कधी बसवतो. वाचतात थोडं, नावांवर बोट ठेवतात, कधी एखाद्यावर हसतात. काल ते शेवटच्या पानांवर आले. एकशे एकोणीस, आणि पुढे नुसती टिंबं. दोन पानं. ते चष्मा सरकवून जवळ गेले, पानं वर केली, खाली केली, आणि माझ्याकडे वळले.

"हे कोनं लिहिलं?" त्यांनी विचारलं. "हात हालते वाटते त्याचा."

मी खाली बसलो, त्यांच्या खुर्चीच्या पायाशी, जिथे त्यांचा चहा गार व्हायचा तिथे.

"नाही बाबा," मी म्हणालो. "हात चांगला होता त्याचा. आठवून राहिला होता तो."

त्यांनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. पंखा घोंघावत होता आणि पडदा चालू होता.

"मंग थांबू द्या लागते ना मानसाले," ते म्हणाले.